चौतीस नंबरची खोली

सोमवारी नेडरा हॉल्व्हरसन कामावर पोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. एप्रिलपासून पहिल्यांदाच तिने घरी बसून नाश्ता केला होता, आणि तो करतानाही टेबलावर कोपर टेकून तिला डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा अंड्याचा बलक ताटलीला चिकटून वाळला होता.

कंप्युटरवरचे खेळ करणाऱ्या तिच्या कंपनीची डोंगरावरची इमारत म्हणजे मुळात सफरचंदं खोक्यात भरायची शेड. ऑक्टोबरात तिच्या पत्र्यावर ओकची फळं टपटपत राहायची. नवीन माणूस दचकायचा, जुनी माणसं मानही वर करत नसत. आज मात्र तो आवाज मोठा वाटत होता, कारण आत फारसं कुणी नव्हतं. खेळ तपासणारे बाकीचे दोघं शनिवारीच सुट्टीवर गेले होते. अकरा कंप्युटर बंद होते. कॉफीच्या भांड्यात तळाशी उरलेली कॉफी डांबरासारखी झाली होती.

शुक्रवारी 'सातवा नावाडी' हा खेळ पाच फ्लॉपी डिस्कांवर भरून खाली फ्रेस्नोच्या कारखान्यात गेला होता. मंगळवारी सकाळी आठला तिथली यंत्रं त्याच्या प्रती काढायला लागणार होती, आणि एक्क्याण्णवच्या ख्रिसमसला तो दुकानांत दिसणार होता. नेडराचं काम संपलं होतं. टेबल आवरायचं, भिंतीवरचा नकाशा उतरवायचा, बुधवारी गाडी काढून ऑरेगनला बहिणीकडे जायचं, आणि तिथे समुद्राकडे पाठ करून महिनाभर झोपायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. समुद्र बघायचीसुद्धा तिची तयारी नव्हती. बघण्यासारखं तिने पुष्कळ बघितलं होतं.

नकाशा म्हणजे खाटकाकडे मिळतो तसल्या तपकिरी कागदाचा आठ फुटी पट्टा. त्यावर खेळातली एकाहत्तर चित्रं, म्हणजे प्रोग्रामरांच्या भाषेत खोल्या, चौकोनांनी दाखवलेली होती आणि खेळात सापडणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी लोकरीचा एक धागा, जिथे ती मिळते तिथपासून जिथे ती लागते तिथपर्यंत, टाचण्यांनी ताणलेला होता. नेडराने चौदा वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. शाळेने तो विषयच बंद केला तेव्हा ती इथे आली, आणि येताना नोंदी ठेवायची सवय घेऊन आली. खेळणाऱ्याने पडद्यावरच्या चित्रात बाण फिरवायचा, डोळ्याचं चिन्ह निवडलं तर वस्तू बघायची, हाताचं निवडलं तर उचलायची, आणि असं करत करत ब्रिन नावाच्या नावाड्याच्या मुलीला गाव, पाणचक्की, खिंड, जंगल यांतून काळ्या नदीच्या काठावर न्यायचं. तिथे तिने हाडाची शिट्टी वाजवायची, म्हणजे पलीकडून बाप नाव घेऊन येतो. खेळ तिथे संपतो.

ती खालच्या कोपऱ्यातल्या टाचण्या काढत होती तेवढ्यात व्हर्ल टिबेट्स आले.

व्हर्ल गावचे निवृत्त पोस्टमास्तर. वय सत्तरीला आलेलं. कंपनीच्या प्रत्येक खेळाबरोबर उत्तरांची एक पुस्तिका वेगळी विकली जायची, ती ते लिहीत. अडलेल्या खेळणाऱ्याने प्रश्न शोधायचा आणि त्याखालच्या लाल रेघोट्यांवर लाल जिलेटिनचा तुकडा धरायचा, की उत्तर दिसतं. एका प्रश्नाला तीन उत्तरं. पहिलं नुसतं चुचकारणारं, दुसरं बोट दाखवणारं, तिसरं हातात आणून देणारं. व्हर्ल प्रत्येक खेळ घरच्या कंप्युटरवर विकत घेणाऱ्यासारखा पहिल्या डिस्कपासून खेळत, आणि इतके सावकाश खेळत की प्रोग्रामर मंडळी म्हणायची, व्हर्ल दार उघडायच्या आधी दाराची चौकशी करतात.

त्यांनी टोपी काढली, वही उघडली, आणि शंका आहे असं सांगितलं. वर हेही सांगितलं, की चूक त्यांचीच असणार, डोळे काही पूर्वीसारखे राहिले नाहीत.

"विचारा ना," नेडरा पाठमोरीच म्हणाली.

"ती हाडाची शिट्टी. ती मिळते कुठे?"

"पाणचक्कीच्या माळ्यावर. पिंपाच्या मागे."

"आणि माळ्यावर जायचं कुठून? मी शनिवारी दुपारभर पाणचक्कीत होतो, शिडी कुठेच दिसली नाही."

नेडराच्या हातात टाचणी तशीच राहिली. शिडी नव्हती. माळाच नव्हता. ऑगस्टमध्ये खेळ सहा डिस्कांवर जात होता आणि तो पाचात बसवायचा होता. काय कापता येईल याची यादी तिनेच केली होती. माळ्यावरचे उंदीर पळायला लागले की दर चौथ्यांदा कंप्युटर बंद पडायचा. तीन आठवडे ते उंदीर तपासून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. यादीत सगळ्यात वर तिने माळा लिहिला होता आणि पुढे शेरा मारला होता, यावर दुसरं काही अवलंबून नाही.

तिने नकाशावर शिट्टीचा धागा शोधला. तो बाजारातल्या मासेवाल्याच्या टोपलीपासून निघत होता. जूनमध्ये शिट्टी तिथेच होती. जुलैत ती माळ्यावर हलवली, तेव्हा धागा हलवायचा राहिला. यादी करताना ती नकाशाकडे बघत होती, खेळाकडे नाही.

"पण मग तुम्हा लोकांना शिट्टी मिळाली कशी?" व्हर्लनी विचारलं.

हा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तरही तिला लगेच कळलं. त्यांना ती मिळाली नव्हती, त्यांच्याकडे ती होती. खेळ मध्येच थांबवून डाव राखून ठेवता येतो आणि पुढे तिथूनच खेळता येतो. सगळे तसंच करत. सव्वा तास खर्चून गावातून परत खिंडीपर्यंत कोण येणार? प्रत्येकाकडे राखलेल्या डावांची एक डिस्क असायची, आणि त्यातले निम्मे डाव जुलैचे होते. मागच्या खोल्या कापल्या गेल्या तरी ब्रिनच्या झोळीत एकदा पडलेली वस्तू तशीच राहायची. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तिघं जण रोज झोळी उघडून ती शिट्टी बघत होते.

ती ग्लेनकडे गेली. ग्लेन नाकाशिमा हा मुख्य प्रोग्रामर. फ्रेस्नोजवळच्या पीचच्या मळ्यात वाढलेला, कामावर सपाता घालून बसणारा. तो जुन्या फायली बांधून ठेवायला आला होता आणि खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता. तिने त्याला उठवून काय झालं ते सांगितलं. त्याने दोन ओळी टाइप केल्या आणि पडद्याकडे बघत राहिला.

"शिट्टी चौतीस नंबरच्या खोलीत आहे," तो म्हणाला.

"आणि चौतीस नंबरची खोली?"

"चौतीस नंबरची खोली नाहीये."

छपरावर दोन फळं लागोपाठ पडली. व्हर्ल दाराशी टोपी हातात धरून उभे होते, जणू वाईट बातमीचं पत्र पोचवायला आलेत.

मालक ड्वेन कार्व्हर कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसायचा. माणूस वाईट नव्हता. सहा महिन्यांत त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते, आणि शुक्रवारी डिस्का गेल्यावर तो पार्किंगमध्ये एकटाच गाडीच्या बॉनेटवर बसून राहिलेला सगळ्यांनी बघितला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. आधी त्याने विचारलं, की उद्याचा दिवस पुढे ढकलता येईल का, आणि स्वतःच उत्तर दिलं, की कारखान्याची पुढची मोकळी तारीख नाताळ संपल्यावरची आहे. मग म्हणाला, आहे तसाच जाऊ दे. लोक अडले की फोन करतील, फोनवरच्या बायका त्यांना राखलेल्या डावाची एक डिस्क पोस्टाने पाठवतील.

"किती जणांना कळेल?" त्याने विचारलं. "खरं सांग. शेवटपर्यंत पोचतात किती?"

"जे पोचतील त्या सगळ्यांना कळेल," नेडरा म्हणाली. "दहा-पंधरा दिवस खेळून ते नदीच्या काठावर उभे राहतील आणि तिथेच उभे राहतील. त्यांना वाटेल, आपल्यालाच येत नाहीये."

ड्वेनने खण उघडला आणि शुक्रवारचा मंजुरीचा कागद काढला. सोळा ओळी, प्रत्येकीपुढे खूण, खाली तिची सही. चौदाव्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. अखेरची प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग खेळून पाहिली.

"हे मग काय आहे?"

इथवर चालत येताना नेडराला हे दिसतच होतं. पाच पावलं आधीसुद्धा तिला वाटलं होतं, की दुसऱ्या दोघांपैकी कुणीतरी खेळलं असेल असं मी समजले, असं म्हणता येईल. दोघंही इथे नव्हते.

"खूण मी केली. खेळले नाही," ती म्हणाली. "बुधवारी खिंडीपर्यंत खेळले. मनगट फार दुखायला लागलं म्हणून पुढचा राखलेला डाव लावला. त्यात मला खुर्चीतच झोप लागली. गुरुवारी सकाळी उठून शेवट बघितला आणि खूण केली."

चौदा वर्षं तिने मुलांना सांगितलं होतं, जे मोजलं नाही ते वहीत लिहायचं नाही. चुकलं तर चुकलेलं लिहा, त्याचे गुण मी कापणार नाही, न केलेलं लिहिलंत तर सगळे कापीन. पोरं तोंडावर हो म्हणायची आणि मागे तिची नक्कल करायची.

"हे मला ऐकायचं नव्हतं," ड्वेन शेवटी म्हणाला.

"मला सांगायचं नव्हतं."

त्याने चष्मा काढून डोळे चोळले आणि कारखान्याला फोन लावला. फोन ठेवून त्याने सांगितलं, की मूळ डिस्का आज संध्याकाळीच यंत्रावर चढवतात. बदललेल्या डिस्का सहाच्या आत फाटकावर पोचल्या तर ते घेतील. खाली जायला दीड तास. म्हणजे साडेचारला इथून निघायला हवं. आणि या वेळी कागदावर खोटी खूण झाली तर तो कुणाशीच बोलणार नाही, कायमचा.

तेव्हा पावणेबारा वाजले होते.

ग्लेनने फळ्यावर आकडे मांडले. पाणचक्की ज्या डिस्कवर होती तिच्यावर नऊशे अक्षरं मावतील एवढी जागा उरली होती. एका चित्राला चाळीस हजार लागतात. म्हणजे नवं चित्र नाही, नवी खोली नाही, नवी हालचाल नाही. आहे त्या चित्रांतच कुठेतरी शिट्टी ठेवायची, तीही खिंडीच्या अलीकडे, कारण खिंड ओलांडली की मागे दरड कोसळते आणि परत जाता येत नाही. चित्रं काढणाऱ्या ट्वायला ओरोस्कोला फोन करून बोलावलं. ती पायात रबरी बूट आणि हाताला घोड्याच्या खराऱ्याचा वास घेऊन आली आणि खुर्चीवर उलटी बसली. पाणचक्कीतल्या टेबलावर ठेवता येईल का? टेबलावर ठेवायला शिट्टीचं चित्र काढावं लागेल, आणि मेणबत्तीच्या उजेडात ते दिसलं पाहिजे, आणि त्या टेबलावर आधीच तीन वस्तू एकमेकींना खेटून आहेत. असंच एकेक ठिकाण निघालं आणि एकेक खोडलं गेलं. कुणाच्याच डोक्यात दुसरा विचार पहिल्याला धरून येत नव्हता. ग्लेन एकच ठिकाण दोनदा सुचवून गेला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

व्हर्ल बाजूला बसून वही चाळत होते. मध्येच त्यांनी हळू आवाजात विचारलं, की त्यांनी पाणचक्कीत काय काय बघितलं ते वाचून दाखवू का? चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर डोळा नेऊन खेळ काय म्हणतो ते त्यांनी लिहून घेतलं होतं. तशी त्यांची पद्धतच होती.

"वाचा," ग्लेन म्हणाला आणि त्याने डोकं टेबलावर ठेवलं.

व्हर्ल पत्ते वाचावेत तसे वाचू लागले. चाक, पाणी अडलं आहे. पोती, जवाचं पीठ. खिडकी, बाहेर ओढा. झाडू, झिजलेला. कुत्रा, झोपला आहे. हाड, कुत्र्याचं आहे. घंटा...

"थांबा," नेडरा म्हणाली. "मागचं परत वाचा."

"हाड. कुत्र्याचं आहे."

पाणचक्कीच्या अंगणातला कुत्रा एप्रिलपासून झोपलेला होता. आधी तो उठून भुंकणार होता. पण उठायला आणि भुंकायला चौदा हजार अक्षरांची जागा लागत होती, म्हणून त्याला झोपूच दिलं. त्याच्या पंजांमध्ये पांढरं हाड होतं. नेडराने ते हजार वेळा बघितलं होतं.

तिने ट्वायलाला विचारलं, की त्या हाडाला भोकं आहेत का.

"सात ठिपक्यांचं हाड आहे ते, नेडरा. भोकं पाडू कुठे? कुत्रा नुसता पडलेला बरा दिसेना म्हणून काहीतरी पुढ्यात टाकलं."

"म्हणजे नाहीत असंही नाही."

"नाहीत असंही नाही," ट्वायलाने मान्य केलं, आणि बऱ्याच वेळाने कुणीतरी हसलं. तो ग्लेन होता, टेबलावर डोकं ठेवूनच.

मग काम भराभर झालं. हाड उचलल्यावर तिथे दिसायला मातीचा छोटा तुकडा लागणार होता, तो ट्वायलाने ठिपका ठिपका लावून काढला. खिंडीत एक म्हातारा गाडीवान बसायचा. झोळीत दोरी आणि कंदील नसेल तर तो म्हणायचा, "झोळी हलकी दिसते, पोरी. गावात एक चक्कर मारून ये." ग्लेनने त्याला आता तिसरी वस्तूही बघायला लावली, म्हणजे शिट्टी विसरून कुणी पुढे जाऊन अडकणार नाही. राहिली ती हाडावर डोळा नेल्यावर दिसणारी ओळ. खेळ लिहिणारी बाई न्यूयॉर्कला आईकडे गेली होती आणि तिथला फोन कुणी उचलत नव्हतं. ग्लेनने कीबोर्ड नेडरापुढे सरकवला. ती म्हणाली, मी कधी असलं लिहिलेलं नाही. तो म्हणाला, दोन वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासतेयस, तुला काय नको ते तरी माहीत असेल.

तिने तीन ओळी लिहून खोडल्या. चौथी ठेवली. 'हाड आहे. आतून पोकळ, त्याला तीन भोकं. कुत्र्याला आता त्याचं काही नाही.'

एक पस्तीसला नव्या डिस्का तयार झाल्या. एका कंप्युटरवरचं सगळं पुसून तो कोरा केला आणि पाचही डिस्का एकामागून एक भरल्या. नवा माणूस हा खेळ संपवायला पंधरा दिवस घेतो. नेडराला प्रत्येक उत्तर माहीत होतं, तरी गोष्ट जेवढा वेळ घेते तेवढा घेतेच. तिच्या हिशोबाने दोन तास वीस मिनिटं. तिने मनगटाचा पट्टा घट्ट केला, खणातून राखलेल्या डावांची डबी काढली आणि व्हर्लच्या मांडीवर ठेवली.

"ही तुमच्याजवळ राहू दे. मी मागितली तरी देऊ नका."

खेळ सुरू झाला. नावाड्याचं घर, दारात जाळं, वाफ निघणारी पातेली. हे पहिलं चित्र बुधवारी बघितलं होतं असं तिला वाटत होतं, पण मागे असलेली टेकडी हिरवी नसून निळी आहे हे तिच्या ध्यानातच नव्हतं. कधी बदलली? ट्वायला म्हणाली, मेमध्ये. ती पुढे गेली. विहीर, बाजार, मासेवाला. मासेवाल्याच्या टोपलीत मासेच होते. पाणचक्कीत तिने कुत्र्यापाशी बाण नेला आणि हाताचं चिन्ह निवडलं. हाड नाहीसं झालं, तिथे माती आली, झोळीत शिट्टी आली. कुत्रा झोपून राहिला. व्हर्लनी वहीत वेळ लिहिली.

खिंडीत गाडीवानाने झोळीत डोकावून तिला पुढे सोडलं. तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत बधिर झाला होता. दरडीखालची पळापळ तिने डाव्या हाताने केली. दोनदा दगडाखाली सापडून ब्रिन मेली आणि दोन्ही वेळा घाटाच्या तळापासून सुरुवात करावी लागली. तिसऱ्यांदा सुटली. मग दलदल आली, आणि दलदलीतल्या दगडांवर एकेका ठिपक्यावर पाय ठेवावा लागायचा. नेडराच्या डाव्या हाताला तेवढा नेम नव्हता. ब्रिन बुडाली. परत बुडाली. भिंतीवर तीन चाळीस.

तिने पडद्यावरून नजर न काढता हात लांब केला. "व्हर्ल, ती डबी द्या."

"मागितली तरी देऊ नका म्हणालीस."

"दलदलीच्या पलीकडचा डाव आहे त्यात. आजच्यात आणि त्यात फरक काही नाही. झोळीत तेच सगळं आहे."

ती काय बोलतेय हे तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं. शिट्टी त्याही झोळीत होती. जुलैची.

व्हर्लनी डबी मांडीवरून उचलली आणि खुर्चीखाली ठेवली. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, की दगडांवरून त्यांना चालता येतं. पोस्टातली नोकरी सुरू झाली तेव्हा ते पायी टपाल वाटायचे. नेडरा बाजूला सरकली. त्यांनी बाण पहिल्या दगडावर नेला, थांबवला, नीट बघितला, मग दाबला. पुढचा दगड. थांबले. बघितला. ग्लेन घड्याळाकडे बघून नखं खात होता, ट्वायलाने डोळे मिटून घेतले होते. सतरा दगड. एकदाही पाय चुकला नाही. पलीकडे झोपडीचं दार आलं आणि व्हर्लनी सवयीने डोळ्याचं चिन्ह निवडलं.

"दाराशी बोलू नका, व्हर्ल," नेडरा म्हणाली. "आज नको."

"बरं," ते म्हणाले, आणि दार उघडलं.

पुढचं सगळं तेच खेळले. ती शेजारी बसून सांगत राहिली, डावीकडे, दोरी, विहिरीचा काठ, कंदील विझवा, थांबा, आता जा. वर्गात मुलांच्या मागे उभं राहून असंच सांगायची ती, नळी तिरकी धर, आच कमी कर. चार वाजून अठरा मिनिटांनी ब्रिन काळ्या नदीच्या काठावर आली. पाणी, धुकं, पलीकडे काही दिसत नाही. हे चित्र नेडराने सगळ्यांत जास्त वेळा बघितलं होतं आणि कधी चालत येऊन बघितलं नव्हतं. उडी मारूनच इथे यायची ती, मागच्या काठावर काय सोडलं हे न बघता.

व्हर्लनी झोळी उघडली आणि तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. त्यांनी शिट्टीवर दाबलं.

एक क्षण काहीच झालं नाही, कारण पाचव्या डिस्कवरचं संगीत यायला नेहमीच तेवढा वेळ लागायचा. मग स्पीकरमधून तीन बारीक सूर निघाले आणि धुक्यातून नाव आली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ग्लेन उठून डिस्का काढायला गेला. ट्वायला उठली, नेडराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, घोडे उपाशी आहेत, आणि निघून गेली. ड्वेन कोट घालून दारातच उभा होता, किल्ल्या हातात. तो किती वेळ तिथे होता कोण जाणे.

नेडराने मंजुरीचा कागद मागितला. तो म्हणाला, नवा कागद घे, कोरा. जुना कोण वाचणार आहे. ती म्हणाली, कुणीच नाही, आणि जुनाच घेतला. डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात, तिने चौदाव्या ओळीच्या खुणेवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला लिहिलं, शुक्रवारपर्यंत सलग खेळलेला नव्हता. आज खेळला, एक छप्पन्न ते चार एकोणीस, अर्धा व्हर्ल टिबेट्स यांनी. मग सही केली आणि कागद व्हर्लपुढे सरकवला. त्यांनीही सही केली, पोस्टमास्तरची, खाली दोन रेघा असलेली.

ड्वेनने कागद वाचला. घडी घालून तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "बुधवारी ऑरेगन ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग जाऊन झोप," तो म्हणाला, आणि डिस्का घेऊन आलेल्या ग्लेनला बरोबर घेऊन गाडीकडे गेला. चार सत्तावीस.

शेडमध्ये दोघंच उरले. उतरलेलं ऊन खिडकीतून नकाशावर पडलं होतं. नेडराने शिट्टीच्या धाग्याची टाचणी मासेवाल्यापासून काढली आणि पाणचक्कीच्या चौकोनात, कुत्र्यावर टोचली. तो नकाशा आता कुणाला लागणार नव्हता. तरी तिने टोचली.

व्हर्लनी वही उघडली. पुस्तिका गुरुवारी छापखान्यात द्यायची होती आणि त्यांना या प्रश्नाखाली तीन उत्तरं हवी होती. पहिलं त्यांनी स्वतःच केलं होतं, ते वाचून दाखवलं. 'ज्याचं आहे त्याला ते नको असेल तर?' दुसऱ्यात पाणचक्कीचं अंगण सांगायचं ठरलं. तिसऱ्यात सगळं उघड सांगावं लागतं. हाड घ्या, असं त्यांनी लिहिलं आणि पेन्सिल थांबवली. त्यांना ते अपुरं वाटत होतं. लोक बिचकतील, ते म्हणाले. खेळ खेळणारी माणसं बहुतेक चांगल्या स्वभावाची असतात, झोपलेल्या कुत्र्याच्या तोंडचं काढून घ्यायला त्यांचा हात धजत नाही. तिसरं उत्तर वाचूनही ती तशीच बसतील.

नेडराने खुर्चीत मागे डोकं टेकवलं. छपरावर फळं पडत होती, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरं. मनगटातला ठणका सावकाश, आपल्या लयीत चालू होता.

"मग पुढे लिहा," ती डोळे मिटून म्हणाली, "खुशाल घ्या, कुत्रा उठणार नाही."

व्हर्लनी लिहून घेतलं. ते वर बघून आणखी काही विचारणार होते, पण तिचा श्वास संथ झालेला त्यांना ऐकू आला. त्यांनी वही मिटली, राखलेल्या डावांची डबी खुर्चीखालून काढून तिच्या खणात ठेवली, आणि दार आवाज होणार नाही असं लावून घेतलं.